जपानला कधी जायचं? आधी मुलांची परीक्षा कधी संपते ते सांगा

जपानला जायला कोणता महिना चांगला, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, मुलांची परीक्षा कधी संपते? विचारणारी व्यक्ती थोडी थबकते, कारण तिला ‘साकुरा’, म्हणजे चेरीचा बहर, हा शब्द ऐकायचा असतो. पण आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवासाचा महिना हवामान बघून ठरत नाही. तो शाळेच्या वेळापत्रकाने ठरतो, कचेरीतल्या रजेने ठरतो, घरातल्या लग्नकार्याने ठरतो आणि आईच्या गुडघ्यांनी ठरतो. हे सगळं वजा केल्यावर हातात एखादाच महिना उरतो. त्या महिन्यात जपानचा कोणता भाग गाठायचा, हे शोधणं जास्त उपयोगाचं. आणि तो भाग बहुतेक वेळा सापडतो, कारण जपान हा उभा देश आहे.

उभा म्हणजे काय ते नकाशावर बघा. दक्षिणेला ओकिनावा बेटांवरचं नाहा शहर साधारण गुवाहाटीच्या रेषेत येतं. टोकियो श्रीनगरपेक्षा थोडं उत्तरेला. आणि होक्काइदो बेटावरचं साप्पोरो ४३ अंशांवर, म्हणजे भारताचं अगदी उत्तरेचं टोकही त्याच्या बरंच खाली राहतं. जानेवारीत नाहाचं सरासरी तापमान १७ अंश असतं, तेव्हा साप्पोरोचं शून्याच्या खाली ३. एकच देश, एकच दिवस आणि मध्ये २० अंशांचा फरक. त्यात भर डोंगरांची. वाईहून पसरणीचा घाट चढताना हवा बदलल्याचं आपल्याला लगेच कळतं. दर १०० मीटर चढलं की साधारण अर्ध्या अंशाहून थोडं जास्त तापमान उतरतं. जपानचा बहुतेक भूभाग डोंगराळ आहे, त्यामुळे तासाभराच्या प्रवासातही ऋतू पुढेमागे होतो.

म्हणून जपानी लोक ऋतूबद्दल बोलताना एक शब्द सतत वापरतात, ‘झेन्सेन’. म्हणजे आघाडी, पुढे सरकणारी रेषा. मोसमी वारे केरळात आले, गोव्यात आले, आता तळकोकणात पोचले, असं आपण म्हणतो ना, अगदी तसं. फुलांची रेषा वसंतात दक्षिणेकडून उत्तरेकडे चढते. लाल पानांची रेषा शरदात उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरते. पावसाचीही रेषा आहे. आपल्याला करायचं एवढंच, की आपल्या सुट्टीच्या दिवसांत यातली कोणती रेषा कुठे असेल ते बघून मुक्काम ठरवायचा. महिना पक्का असेल तर ठिकाण हलवायचं. ठिकाण पक्कं असेल तर महिना हलवायचा. दोन्ही हट्टाने धरून ठेवले की बहुतेक सहली फसतात.

साकुराचं गणित

साकुराबद्दल आधी सांगते, कारण त्याच्यामागे सगळे धावतात आणि सगळ्यात जास्त निराशाही तिथेच होते.

फोटोत आपण जी फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरी चेरीची फुलं बघतो ती बहुतेक ‘सोमेइ योशिनो’ या एकाच जातीची असतात. ही जात बियांपासून वाढवत नाहीत, कलम करतात. आपला हापूस जसा कलमानेच टिकून राहिला, तसंच. देशभरातली ही झाडं म्हणजे एकाच झाडाची लेकरं, त्यामुळे एका बागेतली हजार झाडं एकाच वेळी फुलतात आणि एकाच वेळी झडतात. त्या देखण्या दृश्याचं कारणही हेच आणि ते चुकण्याचं कारणही हेच.

फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात. हिवाळ्यात त्या झोपलेल्या असतात आणि जाग यायला त्यांना आधी पुरेशी थंडी लागते, मग ऊब. जपानमध्ये एक जुना ठोकताळा आहे: १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करत जायची, ती ६०० अंशांच्या आसपास गेली की फुलं उघडतात. मार्च उबदार गेला तर बेरीज लवकर होते, गार गेला तर लांबते. टोकियोत यासुकुनी देवळाच्या आवारात एक ठरलेलं झाड आहे. त्यावर पाच-सहा फुलं उघडली की हवामान खातं ‘काइका’, म्हणजे फुलोरा सुरू झाला असं जाहीर करतं. सुमारे ८० टक्के कळ्या उमलल्या की ‘मानकाइ’, म्हणजे पूर्ण बहर. टोकियोत सरासरीने काइका २४ मार्चला आणि मानकाइ ३१ मार्चला असतो. क्योतोचा पूर्ण बहर ४ एप्रिलच्या सुमाराचा. पण ही झाली ३० वर्षांची सरासरी. क्योतोतल्या बहराच्या नोंदी दरबारी रोजनिशांमधून नवव्या शतकापर्यंत मागे नेता येतात, आणि २०२१ मध्ये तिथला बहर २६ मार्चलाच आला, तेव्हा बाराशे वर्षांतला तो सगळ्यात लवकरचा ठरला. पूर्ण बहर आठवडाभर टिकतो. मध्ये जोराचा पाऊस किंवा वारा आला तर तेवढाही नाही.

आता विचार करा. विमानाची तिकिटं आपण पाच-सहा महिने आधी काढतो. फुलांचा पहिला अंदाज येतो जानेवारीत आणि त्यातली खात्रीची तारीख कळते मार्चच्या मध्यावर. अशा वेळी ‘क्योतोचा साकुरा’ एवढ्या एकाच गोष्टीवर सगळी सहल उभी करायची म्हणजे लग्नाचा हॉल मुहूर्ताआधी बुक करण्यासारखं आहे.

यावर उपाय आहे आणि तो पुन्हा त्या रेषेतच आहे. एका शहरात आठ दिवस बसण्याऐवजी रेषेच्या आडव्या-उभ्या दोन-तीन जागा घ्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात क्योतो असेल तर जोडीला नारा जिल्ह्यातला योशिनो डोंगर ठेवा. तिथे सुमारे ३० हजार झाडं पायथ्यापासून माथ्यापर्यंत चार टप्प्यांत पसरलेली आहेत, आणि फुलोरा खालून वर चढत जातो. शहरातली फुलं झडली असली तरी डोंगराच्या वरच्या अंगाला काहीतरी उमललेलं सापडतंच. एप्रिलच्या मध्यावर मध्य जपानच्या डोंगरांतल्या ताकायामाकडे या. एप्रिलच्या शेवटाकडे थेट उत्तरेला आओमोरी प्रांतातल्या हिरोसाकीच्या किल्ल्याकडे जा. तिथे खंदकाच्या पाण्यावर झडलेल्या पाकळ्यांचा गुलाबी थर साचतो आणि मला तो बहरापेक्षाही सुंदर वाटतो. साप्पोरोत फुलं उघडायची सरासरी तारीख आहे १ मे. आणि उलट टोकाला, ओकिनावातली गडद गुलाबी चेरी जानेवारीतच फुलते. म्हणजे जपानमध्ये कुठे ना कुठे चेरी फुललेली असण्याचा काळ जवळजवळ चार महिन्यांचा आहे. आपण त्यातला एकच आठवडा धरून बसतो.

मे महिना, पण कोणता मे?

आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळांच्या वार्षिक परीक्षा अलीकडे एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालतात. त्यामुळे शाळकरी मुलं असलेल्या घरांसाठी टोकियो-क्योतोचा साकुरा जवळजवळ बादच. परीक्षा संपली रे संपली की निघायचं, असं ठरवणारे मग नेमके ‘गोल्डन वीक’मध्ये जाऊन सापडतात.

गोल्डन वीक म्हणजे लागून आलेल्या सरकारी सुट्ट्यांचा गुच्छ: २९ एप्रिल, मग ३, ४ आणि ५ मे. मधले दिवस रजा टाकून लोक सलग आठ-दहा दिवस काढतात. अख्खा देश एकाच वेळी घराबाहेर पडतो. मी पहिल्यांदा जपानला गेले ती याच आठवड्यात, आईला घेऊन. टोकियोहून क्योतोला जाणाऱ्या गाडीत आरक्षण मिळालं नव्हतं, विनाआरक्षण डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सव्वादोन तास आई दारापाशी बॅगेवर बसून आली. ती काही बोलली नाही, पण क्योतोत उतरल्यावर दोन दिवस ती हॉटेलातून फारशी बाहेर पडली नाही. ते दिवस मला अजून टोचतात, कारण केवळ आठ दिवस उशिरा निघालो असतो तर हे टळलं असतं. आता तर २०२३ च्या अखेरीपासून अशा गर्दीच्या काळात नोझोमी या वेगवान गाड्यांचे सगळे डबे आरक्षितच केले आहेत, म्हणजे आयत्या वेळी काही मिळेल ही आशाही उरलेली नाही. हॉटेलांचे दर या दिवसांत किती चढतात ते वेगळं सांगायला नको.

पण ६ किंवा ७ मे उलटली की चित्र एकदम पालटतं. जपानी माणसं कामावर परततात, दर खाली येतात, आणि हवा अशी असते की आपल्या मे महिन्यातून तिथे उतरणाऱ्याला पहिल्या श्वासातच फरक जाणवतो. टोकियोत मेमध्ये दिवसाचं कमाल तापमान सरासरी २३-२४ अंश, रात्री १५ च्या आसपास. पावसाळा अजून लागलेला नसतो. झाडांना नवी पालवी आलेली असते. तिला जपानीत ‘शिन्र्योकु’ म्हणजे नवा हिरवा रंग असा खास शब्द आहे. क्योतोतल्या देवळांच्या बागा नोव्हेंबरात लाल असतात तेवढ्याच मेमध्ये हिरव्या असतात, आणि तिथे उभं राहायला जागाही असते. पहाटे साडेचार-पावणेपाचला उजाडतं, सातच्या सुमाराला अंधार पडतो. म्हणजे हातात चौदा तासांहून जास्त उजेड.

शिवाय बर्फ बघायची मुलांची हौस मेमध्येही भागते. मध्य जपानमधला तातेयामा-कुरोबे हा डोंगरमार्ग एप्रिलच्या मध्याला उघडतो. २,४५० मीटरवरच्या मुरोदो या जागी रस्त्याच्या कडेला साठलेला बर्फ कापून भिंती केलेल्या असतात, काही वर्षी त्या १५ मीटरच्या वर जातात, आणि त्यांच्यामधून चालत जाता येतं. भिंती जूनपर्यंत हळूहळू खचत जातात, म्हणून मे जितका लवकर तितक्या त्या उंच. फूजीचा माथाही अजून पांढरा असतो. हा एक मुद्दा लोक विसरतात: चित्रातला पांढऱ्या टोपीचा फूजी उन्हाळ्यात तसा नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये बर्फ वितळून तो तपकिरी दिसतो, आणि बऱ्याचदा ढगांमुळे दिसतच नाही.

माझं मत विचाराल तर, शाळकरी मुलं किंवा वयस्कर आईवडील बरोबर असतील तर १० मे ते ३१ मे हा जपानचा सर्वांत चांगला काळ आहे. साकुरापेक्षाही. आणि नशिबाने तो आपल्या सुट्टीतच पडतो.

तिथला मृग

आपल्याकडे ७-८ जूनला मृग लागतो. टोकियोच्या परिसरात पावसाळा सुरू होण्याची सरासरी तारीखही ७ जूनच आहे. मला या योगायोगाचं फार अप्रूप आहे. दोन्हीकडचा पाऊस एकाच मोठ्या आशियाई मोसमी व्यवस्थेचा भाग आहे, पण पडायची रीत निराळी.

आपल्याकडे तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून ओलसर वारे धावत येतात आणि सह्याद्रीला आपटून कोसळतात. जपानमध्ये उत्तरेची ओखोत्स्क समुद्रावरची गार, ओली हवा आणि दक्षिणेची प्रशांत महासागरावरची गरम, ओली हवा समोरासमोर येतात. दोघींचं बळ सारखं, कुणीच मागे हटत नाही. या सीमेवर आठवडेच्या आठवडे ढग साचून राहतात आणि झिमझिम पाऊस पडतो. हाच ‘त्सुयु’. लिहिताना त्याची चिन्हं ‘आलुबुखाराच्या जातीच्या फळाचा पाऊस’ अशी लिहितात, कारण ती फळं याच दिवसांत पिकतात. दक्षिणेची हवा हळूहळू जोर धरते आणि सीमा उत्तरेकडे सरकते. ओकिनावात हा पाऊस १० मेच्या सुमाराला येतो आणि २१ जूनला जातो. टोकियो-क्योतोत ६-७ जूनला येतो, १९ जुलैला जातो. होक्काइदोला मात्र त्सुयु मानतच नाहीत; तिथे पोचेपर्यंत ती सीमा विरलेली असते.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. मे महिन्यात समुद्रकिनाऱ्याच्या ओढीने ओकिनावाला जाऊ नका, तुम्ही नेमके पावसात जाल. आणि जूनमध्येच जायचं असेल तर होक्काइदो गाठा. अमेरिकेतल्या नातवंडांची सुट्टी जूनला सुरू होते, इकडच्यांची जूनच्या मध्याला संपते. अशी दोन्हीकडची मंडळी एकत्र भेटवायची असतील तर जूनचे पहिले दहा-बारा दिवस आणि साप्पोरोचा परिसर, हे जुळतं.

त्सुयुला आपण फार घाबरावं असं मला वाटत नाही. टोकियोत अख्ख्या जूनमध्ये सरासरी १७० मिलिमीटरच्या आत पाऊस पडतो. मुंबईत जुलैत ८०० मिलिमीटरहून जास्त पडतो, त्या माणसाला हा पाऊस छत्रीत मावणारा. कामाकुराच्या देवळांत निळ्या-जांभळ्या हायड्रेंजिया याच पावसात फुलतात. दर उतरलेले असतात. फक्त त्सुयु सरतासरता, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, पश्चिम जपान आणि क्यूशूमध्ये तो रौद्र होतो. २०१८ च्या जुलैत हिरोशिमा, ओकायामा, एहिमे भागांत पूर आणि दरडींमुळे दोनशेहून जास्त माणसं गेली. त्या पंधरवड्यात तिकडचे डोंगराळ भाग टाळलेलेच बरे.

मग येतो कडक उन्हाळा. तो आपल्याला चालेल, आपण मुंबई-नागपूरची माणसं, असं पुष्कळ जण म्हणतात. मी त्यांना थांबवते. टोकियोचा ऑगस्ट दमट असतो, रात्रीही उतरत नाही, आणि सहलीत आपण दिवसाला दहा-पंधरा हजार पावलं चालत असतो. २०२५ मध्ये ५ ऑगस्टला गुन्मा प्रांतातल्या इसेसाकीला ४१.८ अंश नोंदले गेले, जपानमधला तो उच्चांक आहे. त्यात ऑगस्टच्या मध्याला ‘ओबोन’ येतो, पितरांचे दिवस. सगळे आपापल्या गावी जातात, गाड्या पुन्हा भरतात. जुलै-ऑगस्टला जायचं सबळ कारण एकच, फूजीवर चढायचं असेल तर. ती वाट जुलै ते १० सप्टेंबरच्या सुमारापर्यंतच उघडी असते. नाहीतर पुन्हा होक्काइदो. जुलैत फुरानोच्या टेकड्या लॅव्हेंडरने जांभळ्या होतात आणि ऑगस्टमध्येही साप्पोरोचं दिवसाचं तापमान सरासरी २६ अंशांवर थांबतं.

सप्टेंबरबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. टोकियोत सगळ्यात जास्त पाऊस त्सुयुत पडत नाही, तो सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये पडतो. दोन्ही महिन्यांत २२० मिलिमीटरच्या वर. कारण वादळं, म्हणजे टायफून. वायव्य प्रशांत महासागरात वर्षाला साधारण २५ तयार होतात, त्यातली सरासरी तीन जपानच्या जमिनीवर येतात, बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरात. ४ सप्टेंबर २०१८ ला ओसाकाजवळचा कान्साई विमानतळ पाण्याखाली गेला. १२ ऑक्टोबर २०१९ च्या ‘हागिबिस’ वादळाने रग्बी विश्वचषकाचे सामने रद्द झाले. वादळ येणार असलं की रेल्वे आदल्या दिवशीच गाड्या बंद ठेवत असल्याचं जाहीर करते. म्हणून या दोन महिन्यांत जात असाल तर परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री विमानतळाच्याच शहरात मुक्काम ठेवा, शेवटच्या दिवशी लांबचा प्रवास ठेवू नका.

दिवाळी कधी आहे, त्यावर लाल रंग कुठे ते ठरतं

आता माझ्या आवडीचा भाग. दिवाळीची सुट्टी आणि जपानचा शरद यांचं जमणं दर वर्षी बदलतं, कारण दिवाळी तिथीवर चालते आणि झाडं तापमानावर.

मेपलची पानं लाल का होतात? दिवस लहान होतात, रात्री गार होतात, झाड पानातलं हरितद्रव्य मोडून आत ओढून घेतं. हिरवा उतरला की जिंकोसारख्या झाडाच्या पानात आधीपासून असलेला पिवळा उघडा पडतो. मेपलमध्ये मात्र पानात अडकलेल्या साखरेपासून नवा लाल रंग तयार होतो. पहाटेचं तापमान आठ अंशांच्या खाली जाऊ लागलं की ही क्रिया वेग घेते. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री चांगला गारवा असेल तर लाल रंग गडद येतो. हे आठ अंश आधी होक्काइदोच्या डोंगरांवर येतात, सप्टेंबरच्या मध्यालाच. दाइसेत्सुझान पर्वतावर तेव्हा रंग चढतो. टोकियोच्या उत्तरेला निक्को परिसरात वरचं चुझेन्जी सरोवर १,२६९ मीटरवर आहे, तिथे ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. खाली देवळांजवळ नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. क्योतोत नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, आणि अलीकडे उबदार शरदामुळे डिसेंबरच्या पहिल्या दिवसांपर्यंत.

आता पंचांग समोर ठेवा. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे भाऊबीज करून निघालात तर नोव्हेंबरच्या मध्याला पोचता; निक्कोचा खालचा भाग, हाकोने, आणि क्योतोत रंगाची सुरुवात. सुट्टी थोडी ताणता आली तर क्योतोचा भरही मिळेल. २०२७ मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला. तेव्हा क्योतोच्या मागे लागू नका, ते हिरवंच असेल, निक्को आणि मध्य जपानचे डोंगर धरा. २०२८ मध्ये तर १७ ऑक्टोबरला दिवाळी, तेव्हा चुझेन्जीसारख्या उंच जागा किंवा उत्तरेचा तोहोकु भाग. एकच ‘दिवाळी जपान सहल’ दर वर्षी त्याच मार्गाने काढली तर तीन वर्षांतल्या दोन वर्षी लोक हिरवी पानं बघून परततील. सहल कंपनीचा कार्यक्रम हातात आला की कोणत्या तारखेला कोणत्या उंचीवर आहोत हे आधी बघा, आणि विचारायला संकोच करू नका.

शरदात उजेडाचा हिशोब मात्र कडक ठेवावा लागतो. नोव्हेंबरच्या अखेरीस क्योतोत पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो, बरीच देवळं साडेचार-पाचला बंद होतात. आपल्या सवयीने नऊला नाश्ता, दहाला बाहेर, असं केलं तर दिवसाला दोनच ठिकाणं होतात. सातला बाहेर पडा. गर्दीही तेव्हाच कमी असते, कारण त्या दिवसांत क्योतो साकुराइतकंच भरलेलं असतं.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात. जपानचा हिवाळा दोन बाजूंनी वेगवेगळा आहे. सैबेरियाहून येणारा कोरडा, गोठवणारा वारा जपानच्या समुद्रावरून येताना त्यातल्या कोमट प्रवाहाची वाफ उचलतो, मधल्या डोंगररांगेला धडकतो आणि पश्चिम बाजूला सगळा बर्फ सांडतो. रांग ओलांडून टोकियोकडे येतो तेव्हा तो रिकामा, कोरडा झालेला असतो. सह्याद्रीच्या या बाजूला कोकण आणि त्या बाजूला माण-खटाव, हीच कहाणी, पावसाच्या जागी बर्फ घालून. म्हणून जानेवारीत टोकियोत रोज निळं आकाश असतं, फूजी वर्षातला सर्वांत स्पष्ट दिसतो, आणि त्याच दिवशी शिराकावा-गो गावातली उतरत्या छपरांची घरं बर्फाखाली असतात. साप्पोरोसारख्या जवळजवळ २० लाख वस्तीच्या शहरात हिवाळाभरात एकूण पावणेपाच मीटर बर्फ पडतो. तिथला हिमोत्सव फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतो. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की २९ डिसेंबर ते ३ जानेवारी जपानचं नवं वर्ष असतं. संग्रहालयं, अनेक लहान दुकानं आणि खानावळी बंद असतात. शाकाहारी माणसाला एरवीच तिथे जेवण शोधावं लागतं, त्या दिवसांत जास्तच. दशम्या आणि मेतकूट बरोबर ठेवा.

शेवटी एका जागेबद्दल, जिथे मराठी माणसाने जावं असं मला मनापासून वाटतं. ओसाकाच्या दक्षिणेला वाकायामा प्रांतात कोयासान नावाचं डोंगरावरचं देवळांचं गाव आहे. नवव्या शतकात कूकाइ या भिक्षूने ते वसवलं. २०१५ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला, आणि महाराष्ट्राचे व वाकायामाचे करारही झालेले आहेत. गाव सुमारे ८०० मीटरवर आहे, त्यामुळे त्याचा ऋतू क्योतोच्या पुढेमागे चालतो: मेपल क्योतोच्या दोन-तीन आठवडे आधी लाल होतो, म्हणजे नोव्हेंबरातल्या दिवाळीला बरोबर जुळतो, आणि साकुरा क्योतोपेक्षा उशिरा येतो. मंदिरांतच मुक्कामाची सोय असते, जेवण कांदा-लसणाशिवायचं शाकाहारी; तरी रश्शात मासळी नाही ना, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावं. पहाटेच्या प्रार्थनेला बसायचं असेल तर मे महिन्यातही स्वेटर लागतो. आईला मी दुसऱ्या खेपेला तिथे नेलं, १५ मेच्या सुमाराला. त्या वेळी ती माझ्याआधी उठून तयार होऊन बसली होती.